ओझेलामावशीची हॅट

आमच्या गावातल्या बायकांची डोकी रविवारी देवाच्या ताब्यात असतात आणि शनिवारी माझ्या. देवाला वरची हॅट दिसते, हॅटीखालचं मला दिसतं. तेव्हा कुणाच्या डोक्यात काय चाललंय हे मला पाद्रीबुवांपेक्षा जास्त ठाऊक असतं, असं मी म्हटलं तर उगाच नाक मुरडू नका.

माझं नाव लुवेनिया, सगळे व्हीनी म्हणतात. मिसिसिपीतल्या बेल्स फेरीत, रुळांच्या अलीकडे, माझं केसांचं दुकान आहे. आईनं सुरू केलं, मी चालवते. अलीकडे आम्ही काळी माणसं राहतो, रुळांच्या पलीकडे बँक, गोऱ्यांची घरं आणि घुमटाचं कोर्ट. आता म्हणायला कुणीही रूळ ओलांडून कुठंही जातं, पण ही गोष्ट सुरू होते तेव्हा तसं नव्हतं.

ओझेला पिकेट ही आईची मैत्रीण, म्हणून माझी मावशी. उंच, रुंद खांद्यांची, आणि चालायची अशी की फुटपाथानंच बाजूला व्हावं. नवरा लवकर गेला. पलीकडच्या एका घरी स्वयंपाक करायची. तळलेला मासा आणि मक्याचा पाव तिच्या हातचा खाल्ला की माणूस भांडण विसरायचा. आणि हॅटी तर काय विचारता! ईस्टरची वेगळी, मयताची वेगळी, बाप्तिस्म्याची वेगळी. गोल खोक्यांमध्ये घालून कपाटावर रचलेल्या असायच्या. हॅटीशिवाय तिला कुणी पाहिलं नव्हतं. म्हणजे आईनं पाहिलं होतं, आणि आईच्या मागे मी. दुकानात कोपऱ्यातल्या खुर्चीला एक पडदा आहे, तो फक्त ओझेलामावशीसाठी.

माणसाला कशाची आस लागेल सांगता येत नाही. कुणाला शिकागो बघायचं असतं, कुणाला नातवंडं. ओझेलामावशीला ज्यूरीत बसायचं होतं. कोर्टात दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या बारा साध्या माणसांच्या खुर्च्या असतात ना, त्यातल्या एका खुर्चीत.

त्याला कारण होतं. ती पोरगेली असताना तिच्या धाकट्या भावावर, रूफसवर, कुणाचं तरी डुक्कर चोरल्याचा खटला झाला. ज्यूरीत बारा गोरे पुरुष. ते विचार करायला आतल्या खोलीत गेले आणि रूफसची आई पाणी प्यायला व्हरांड्यात गेली. ती परत येते तो निकाल लागलेला. रूफस तुरुंगाच्या शेतावर गेला, खोकला घेऊन परत आला आणि त्या खोकल्यातच संपला. मावशी कधी म्हणाली नाही की त्यानं चोरी केली नव्हती. म्हणायची, "केलीही असेल, मला काय माहीत. पण बाराजणांत एकानं तरी खाली बसून विचार करायचा होता गं. आईचं पाणी पिऊन होईपर्यंत तरी."

आमच्याकडे ज्यूरीची नावं मतदारांच्या यादीतून निघतात, आणि यादीत नाव घालायचं म्हणजे परीक्षा. राज्यघटनेतलं एखादं कलम काढून कोर्टाचा कारकून म्हणायचा, याचा अर्थ सांग. अर्थ त्याच्या मनाला पटला तर नाव घालणार. आमच्या माणसांनी सांगितलेला अर्थ त्याला पटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

तरी त्या बासष्ट सालात आईच्या दुकानात शाळा भरायची. शेरीफनं खिडकीतून डोकावलं तर काय दिसणार? फेसानं माखलेली डोकी आणि स्टोव्हवर तापत घातलेला कंगवा. कंगवा तापेपर्यंत एक कलम, केस सरळ होईपर्यंत दुसरं. मी खुर्चीखाली बसून पिना वेचायचे, तर मलाही अर्धी घटना पाठ झाली. घरात पाढे विचारले की मी कलमं म्हणायचे आणि धपाटा खायचे.

मावशी कोर्टात गेली ती निळी हॅट घालून. कारकुनानं एकविसावं कलम काढलं. तिनं अर्थ सांगितला, "एखाद्याला धरून नेलं तर त्याला कोर्टापुढं आणून उभं करायचं आणि का धरलं ते सांगायचं. अंधारात कुणाला कोंडून ठेवायचं नाही." कारकुनानं पेन खाली ठेवलं. "मावशे," तो म्हणाला. आता त्याची ती मावशी कधीपासून झाली, देव जाणे. पण आमच्या बायकांना मिसेस म्हणायला त्या लोकांची जीभ वळायची नाही. "मावशे, हे तुझं मत झालं. तुझं मत इथं कुणी विचारलं?"

ती घरी पोचायच्या आत नोकरी गेली. खोली मालकाचीच होती, तीही गेली. त्या हिवाळ्यात ती आमच्याकडे राहायला आली, आणि एका शनिवारी आईनं तिचे केस विंचरायला घेतले तर मूठभर केस कंगव्याबरोबर निघून आले. पुढच्या शनिवारी आणखी. आई म्हणाली, "येतील परत, काळजीनं जातात असे." आले नाहीत. टाळूवर तळहाताएवढा गुळगुळीत चट्टा राहिला, आणि भोवती विरळ, मऊ, लहान मुलासारखे केस. त्या शनिवारी आईनं कोपऱ्यात पडदा लावला.

पुढं पासष्टचा मतदानाच्या हक्काचा कायदा झाला, नावं नोंदवायला वॉशिंग्टनहून माणूस येऊन टेबल टाकून बसला आणि ओझेलामावशीचं नाव मतदारांत लागलं. पण ज्यूरीत बायका नकोत, हा मिसिसिपीचा हट्ट आणखी तीन वर्षं चालला. तो सुटला आणि मग तिला बोलावणी यायला लागली.

बोलावणं आलं म्हणजे खुर्ची मिळाली असं नाही हं. आधी चाळीसेक माणसं बोलावतात, प्रश्न विचारतात, आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांना काही जणांना नको म्हणायची मुभा असते. का नको, ते सांगायची गरज नाही. सरकारी वकील उठायचा, गोड हसायचा आणि म्हणायचा, "सरकार मिसेस पिकेट यांचे आभार मानतं." म्हणजे घरी जा. मिसेस म्हणायला शिकले ते एवढ्यासाठी! आमची माणसं वेचून काढलेली असायची, भातातून खडे काढावेत तशी. मावशी हात हलवत परत यायची आणि सरळ माझ्या दुकानात येऊन बसायची. तोवर आई गेली होती, दुकान माझ्याकडे होतं.

"मिळाले का आभार?" टेव्हिया विचारायची. टेव्हिया म्हणजे चर्चमध्ये सगळ्यात वरच्या पट्टीत गाणारी आमची सोप्रानो, आवाज देवाचा आणि जीभ सैतानाची. दर शनिवारी ड्रायरखाली बसून गावाची धुलाई करायची.

"मिळाले," मावशी म्हणायची. "घरात ठेवायला जागा राहिली नाही."

सगळ्या हसायच्या. तीही हसायची. मग मी पडदा ओढायचे आणि ती हॅट काढायची. मी तिच्या टाळूला तेल लावायचे, बोटांनी हळूहळू. त्या वेळी तिचे खांदे कसे खाली यायचे ते मी कुणाला सांगितलं नाही. आज सांगतेय.

शहाऐंशी साली रेडिओवर बातमी आली. केंटकीतल्या बॅटसन नावाच्या माणसाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ठरवलं, रंग बघून कुणाला ज्यूरीतून वगळायचं नाही. समोरच्यानं हरकत घेतली तर वकिलानं कारण दिलं पाहिजे. दुकानात टाळ्या पडल्या. मावशीनं तर केक आणला.

"कारण का?" टेव्हिया ड्रायरखालून म्हणाली. "कारणांना काय दुष्काळ पडलाय?"

"तू केक खा आणि गप्प बस," मी म्हटलं. पण भवानी खरं बोलली होती.

दोनेक वर्षांनी बोलावणं आलं. नवा सरकारी वकील होता, रँडल टीग, चकचकीत बूट आणि चकचकीत भांग. मी सोबत गेले होते. आमच्या जजसाहेबांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे वकिलांनी त्यांच्यापाशी जाऊन केलेली कुजबुज अख्ख्या कोर्टाला ऐकू यायची. टीगनं मावशीला नको म्हटलं. बचावाच्या वकिलानं हरकत घेतली. जजसाहेबांनी विचारलं, "कारण?"

टीग म्हणाला, "हॅट, साहेब. बाई कोर्टात हॅट घालून बसल्यात. ज्यांना कोर्टाचा मान राखता येत नाही, त्या न्याय काय करणार?"

अहो, आमच्यात बाईनं हॅट घालायची ती मान राखायलाच! देवाच्या घरी घालतो, मयताला घालतो. उघड्या डोक्यानं कोर्टात जाणारी बाई आमच्या आईनं उंबऱ्यावरून परत पाठवली असती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण जजसाहेबांनी मान हलवली. कारण दिलं, चाललं. नियमात रंग नको म्हटलं होतं, हॅटीबद्दल काही म्हटलं नव्हतं.

परतताना मावशी रुळांवर थांबली. गाडी वगैरे काही येत नव्हती, नुसतीच थांबली. "हॅट काढा असं मला म्हणाले असते तर," ती म्हणाली आणि हॅटीची कड चाचपली. त्यानंतर टेव्हियानंही कधी आभारांचं विचारलं नाही.

पुढचं बोलावणं यायला तीन वर्षं गेली. मावशीनं साठी ओलांडली होती, गुडघे कुरकुरत होते. शनिवारी ती आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "व्हीनी, सोमवारी कोर्ट आहे. या खेपेला मी हॅट काढून बसणार."

मी कंगवा खाली ठेवला. "मावशी, मी जॅक्सनहून विग आणते. चांगला, खऱ्या केसांचा. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"आणि टीगनं शपथेवर विचारलं, बाई हे केस तुमचेच का, तर?"

"असं कुणी विचारतं का?"

"हॅटीचं कारण देतं का कुणी?"

मी पडदा ओढायला हात वर केला तर तिनं माझं मनगट धरलं.

"राहू दे उघडा."

"मावशी..."

"सोमवारी सगळ्या कोर्टापुढं काढायचीय. आधी आपल्या माणसांत काढते. इथं जमलं नाही तर तिथं काय कपाळ जमणार?"

दुकान भरलेलं. तिनं दोन्ही हात वर नेले, पिन काढली आणि हॅट उतरवून मांडीवर ठेवली. पिन तिच्या हातून निसटून जमिनीवर पडली. इतक्या वर्षांत ती बाई शेरीफपुढं डगमगली नव्हती, कारकुनापुढं डगमगली नव्हती. ड्रायर घरघरत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते तसंच येऊ दिलं.

मग टेव्हिया उठली. डोक्याला रोलर लावलेले, गळ्यात टॉवेल. मी मनात म्हटलं, आता ही काही बोलली तर मी हिला कात्रीनं भोसकणार. ती मावशीभोवती एक फेरी मारून आली, घोडा विकत घ्यायचा असावा तशी. आणि म्हणाली, "चांगलं डोकं आहे की. गोल आहे. उगाच एवढी वर्षं हॅटींवर पैसे घातलेस."

मावशीला हसू फुटलं. हसता हसता डोळे पुसायला लागली. कुणीतरी तिला कॉफी दिली. मी कात्री घेतली आणि भोवतालचे विरळ केस बारीक कापून एकसारखे केले. चट्टा झाकायचा प्रयत्न केला नाही. तेल लावलं, हात फिरवला. आयुष्यात मी अनेक नवऱ्या सजवल्या, पण इतक्या मनापासून कुणाचं डोकं केलं नसेल.

सोमवारी दुकान बंदच असतं. मी मागच्या बाकावर बसले. आरोपी लेम्युएल नावाचा लाकडाच्या वखारीतला कामगार होता. एका जमीनदाराच्या शेडमधून बोटीचं इंजिन चोरल्याचा आरोप. मावशीचं नाव पुकारलं तेव्हा ती उठली, बारा खुर्च्यांपाशी गेली, निळी हॅट काढली आणि मांडीवर ठेवून बसली. खिडकीतलं ऊन तिच्या टाळूवर पडलं. लोक बघायला लागले, कुणी नजर वळवली. ती समोर बघत बसली होती.

सगळे प्रश्न झाले. टीग उठला. त्याला ती हॅट आठवत होती, मी शपथेवर सांगेन. त्यानं तोंड उघडलं, मावशीच्या डोक्याकडे पाहिलं, आणि त्याची मान खाली गेली.

"मिस्टर टीग," जजसाहेब म्हणाले, "मिसेस पिकेट यांच्याबद्दल काही?"

तो जरा वेळ कागद चाळत राहिला. "नाही साहेब," तो म्हणाला. "सरकारला चालतील."

खटला लांबलचक नव्हता. एका शेजाऱ्यानं संध्याकाळच्या अंधुक उजेडात, पाठमोरा, पळताना लेम्युएल पाहिला होता. म्हणजे कुणीतरी पाहिला होता आणि तो लेम्युएल असावा असं त्याला वाटलं होतं. इंजिन सापडलं नव्हतं. मंगळवारी दुपारी ज्यूरी आतल्या खोलीत गेली आणि संध्याकाळ झाली तरी बाहेर आली नाही. जजसाहेबांनी त्यांना घरी पाठवलं, उद्या या म्हणाले.

मी लगेच लोण्यातला केक घेऊन मावशीकडे. तिनं केक घेतला, कॉफी केली, गुडघे शेकत बसली.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय? केक छान झालाय."

"मावशी, मला तरी सांग. मी काय कुणी परकी आहे?"

"जजसाहेबांनी बजावलंय, बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. आणि तू तर गावाचा रेडिओ."

मला राग आला, उगाच कशाला खोटं बोलू. या बाईच्या डोक्याची मी राखण केली आणि मलाच ही कुलूप दाखवते! पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि केकचा आणखी एक तुकडा कापला. ती खिडकीबाहेर बघत होती, ओठ हलके हलके हलत होते. दिवसभर तेच चालू असणार. ती त्या पोराबद्दल विचार करत होती. तो चोर आहे की नाही, हे तिला अजून ठरवता येत नव्हतं आणि ती ते ठरवल्याशिवाय उठणार नव्हती.

बुधवारी मी दुकान बंद ठेवून कोर्टात जाऊन बसले, आणि दुपारी निकाल आला. आतल्या खोलीत कोण काय बोललं, मला आजवर माहीत नाही. ज्यूरीतला एक गोरा दुकानदार मात्र पुढं रस्त्यात मावशी दिसली की मानानं डोक्यावरची टोपी उचलायला लागला, एवढं सांगते.

ज्यूरीच्या प्रमुखानं उभं राहून वाचलं, "निर्दोष." लेम्युएलच्या आईनं दोन्ही हातांनी समोरचा बाक धरला. ती पाणी प्यायला गेली नव्हती.

टीग लाल झाला. हरलेल्या बाजूला एक मुभा असते, ज्यूरीतल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारायला लावायची, की हा निर्णय खरंच तुमचा आहे का. कुणी कच खाल्ली तर निकाल मोडतो. "साहेब," टीग म्हणाला, "माझी विनंती आहे, एकेकाला विचारावं." आणि बोलता बोलता त्यानं पाहिलं ते मावशीकडेच.

जजसाहेबांनी विचारायला सुरुवात केली. दुकानदार म्हणाला, होय. शाळेतल्या बाई म्हणाल्या, होय. सगळे बसल्या बसल्या उत्तर देत होते. मग जजसाहेबांनी चष्मा सारखा केला.

"मिसेस ओझेला पिकेट. हा निर्णय तुमचा आहे का?"

मावशी उठून उभी राहिली. गुडघ्यांमुळे वेळ लागला, सगळं कोर्ट थांबलं. याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, तिला कुणीतरी विचारलं होतं की तुझं मत कुणी मागितलं. मी मागच्या बाकावर रडत होते आणि मला त्याची काही लाज वाटत नव्हती. तिनं हॅट डाव्या हातात धरली होती.

"होय साहेब," ती म्हणाली, जजसाहेबांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात. "खाली बसून, विचार करून केलाय. माझाच आहे."

जजसाहेबांनी मान डोलावली आणि पुढच्या खुर्चीतल्या माणसाला विचारलं.